सगळे दिवे एकदम गेले, तर दोष कुठे शोधावा?

प्रश्न : माझ्याकडे सात वर्षांची, कार्बोरेटरची, ३५० सीसीची मोटारसायकल आहे. मी वाईत राहतो आणि कामासाठी रोज पाचगणीला जातो. गेल्या महिन्यात रात्री पसरणी घाट उतरताना एका वळणावर हेडलाइट, मीटरमधला दिवा, हॉर्न आणि इंजिन सगळे एकाच क्षणी बंद पडले. गाडी कशीबशी कडेला घेतली, किल्ली दोन-तीनदा फिरवली, तर सगळे पूर्ववत सुरू झाले. त्यानंतर असे अधूनमधून घडतच आहे. मेकॅनिकने आधी बॅटरी बदलली, मग रेक्टिफायर (इंजिनवर तयार होणारी वीज बॅटरीला चालेल अशी करणारा भाग) बदलला, तरी दोष कायम आहे. आता तो संपूर्ण वायरिंग किट बदलायला सांगतो. मागच्या वर्षी मी दोन फॉग लॅम्प आणि मोबाइलचा चार्जर बसवून घेतला होता. वायरिंग बदलावे का? माझ्याकडे साधा मल्टीमीटर आहे. घरी मला काही तपासता येईल का? – एक वाचक, वाई

उत्तर : सप्रेम नमस्कार.

वायरिंग किट तूर्त बदलू नका, आणि दोष नेमका सापडेपर्यंत ही गाडी अंधार पडल्यावर घाटात नेऊ नका. पहिली सूचना आपल्या खिशासाठी आहे आणि दुसरी जिवासाठी. दोन्हींमागचे कारण मात्र एकच आहे, ते म्हणजे आपल्या गाडीतला दोष अजून कोणी शोधलेलाच नाही. बॅटरी बदलून पाहणे आणि रेक्टिफायर बदलून पाहणे हे अंदाज होते. तिसरा आणि अधिक महागडा अंदाज करण्याआधी आपण पत्रात लिहिलेली लक्षणेच नीट लावून पाहिली, तर शोधायची जागा पुष्कळच लहान होते.

सर्वांत महत्त्वाचे लक्षण म्हणजे सगळे एकाच क्षणी गेले. मोटारसायकलची वीज बॅटरीच्या धन टोकाकडून जाड वायरीने मुख्य फ्यूजमध्ये जाते, तिथून किल्लीच्या स्विचमध्ये, आणि स्विचमधून बाहेर पडल्यावरच तिला हेडलाइट, हॉर्न, इंडिकेटर, मीटर आणि इग्निशन अशा फांद्या फुटतात. परतीची वाट चासी आणि इंजिनच्या धातूतून बॅटरीच्या ऋण टोकाकडे येते. घरातली सगळी वीज गेली म्हणजे आपण स्वयंपाकघरातला बल्ब उघडून पाहत नाही, मीटरजवळचा मेन स्विच पाहतो; इथेही तसेच करायचे आहे. हेडलाइट, हॉर्न आणि इंजिन या तिघांना सामाईक असलेला वायरीचा तुकडा फार लांब नाही, आणि त्यावर जोड आहेत ते मोजके : बॅटरीची दोन टोके, मुख्य फ्यूजची पेटी, किल्लीच्या स्विचचा कपलर (वायरींची टोके एकमेकांत अडकवणारा प्लॅस्टिकचा जोड), खुद्द स्विचमधले संपर्क आणि अर्थिंगचा, म्हणजे परतीच्या वाटेचा, बोल्ट. उरलेल्या सगळ्या वायरिंगवर आज संशय घेण्याचे कारण नाही.

दुसरे लक्षण म्हणजे गेलेली वीज परत आली. उडालेला फ्यूज आपोआप जुळत नाही, जळलेली कॉइल बरी होत नाही, आणि पूर्ण उतरलेली बॅटरी किल्ली फिरवल्याने चढत नाही. जे जाते आणि परत येते ते जवळजवळ नेहमी एखाद्या सैल, गंजलेल्या किंवा भाजलेल्या जोडात असते. याला एक अपवाद आहे, तो मेकॅनिकच्या बाजूने सांगायला हवा : बॅटरीच्या आतल्या दोन सेलांना जोडणारी पट्टी तडकली, तर तीही हादऱ्याने कधी जुळते आणि कधी सुटते, आणि लक्षण हुबेहूब असेच दिसते. त्यामुळे बॅटरीवरचा संशय अगदीच निराधार नव्हता. परंतु नवी बॅटरी बसवल्यानंतरही दोष तसाच राहिला, तेव्हा ते प्रकरण मिटले.

तिसरे लक्षण बारकाईने पाहावे लागते. इंजिन चालू असताना केवळ बॅटरीचे टोक सुटले, तर पुष्कळशा गाड्यांमध्ये कॉइल प्लेटवर, म्हणजे इंजिनमधल्या जनित्रावर, निर्माण होणारी वीज रेक्टिफायरमार्फत काही काळ दिव्यांना आणि इग्निशनला मिळत राहते. अशा वेळी दिवे लुकलुकतात, कधी एकदम भडक होतात, एखादा बल्ब उडतोही. पण घाट उतरताना, म्हणजे इंजिन गिअरमध्ये वेगाने फिरत असताना, सगळे काही क्षणात काळोखात जाणे त्या मानाने कमी संभवते. आपल्याकडे दिवे लुकलुकले नाहीत, ते सरळ गेले आणि इंजिनही त्याच क्षणी गेले. यावरून माझे झुकते माप बॅटरीच्या टोकांपेक्षा पुढच्या टप्प्याला, म्हणजे किल्लीच्या स्विचला, त्याच्या कपलरला आणि त्याआधीच्या फ्यूज पेटीला आहे. हा पुरावा नव्हे. बॅटरीची टोके तरीही तपासायचीच, कारण ते काम पाच मिनिटांचे आहे.

आता वळणाविषयी. त्या एका जागी तीन गोष्टी एकत्र येतात, आणि म्हणूनच दोष नेमका तिथे उघडा पडला असावा. एक तर हँडल वळते, आणि हँडलच्या मानेजवळून जाणाऱ्या वायरींचा जुडगा दर वळणाला वाकतो. सात वर्षांत तिथल्या तांब्याच्या बारीक तारा वरचे प्लॅस्टिक शाबूत असतानाच आतून तुटू शकतात. दुसरे म्हणजे आपण तिथे ब्रेक दाबता, बहुधा इंडिकेटर देता, कदाचित हॉर्नही वाजवता, त्यामुळे सामाईक वायरीतून वाहणारा प्रवाह अचानक वाढतो. आणि तिसरे म्हणजे घाटातले हादरे.

यांपैकी प्रवाहाच्या मुद्द्यावर थोडे थांबायला हवे, कारण फॉग लॅम्पचा संबंध तिथेच येतो. आपण त्यांचे वॉट लिहिलेले नाहीत. ते प्रत्येकी ५५ वॉटचे हॅलोजन असतील तर दोन्हींचे मिळून ११० वॉट होतात. हेडलाइटचे ६०, मागच्या दिव्याचे ५, ब्रेक लाइटचे २१ आणि एका बाजूच्या दोन इंडिकेटरांचे २० धरले, तर कंपनीने बसवलेल्या दिव्यांची बेरीज १०६ वॉट होते. फॉग लॅम्पसह ती २१६ वॉटवर जाते. १२ व्होल्टला पहिल्या आकड्याचे जवळपास ९ अँपिअर होतात आणि दुसऱ्याचे १८. म्हणजे प्रवाह दुप्पट झाला. एखाद्या जोडात निर्माण होणारी उष्णता मात्र प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे प्रवाह दुप्पट झाला की त्याच जोडात चौपट उष्णता तयार होते. कपलरच्या आत गंजामुळे ०.१ ओहम इतका किरकोळ रोध आला आणि त्यातून १० अँपिअर वाहिले, तर तिथे १ व्होल्ट खर्च होतो आणि १० वॉट उष्णता निघते. ब्रेक लाइटचा बल्ब सगळा मिळून २१ वॉटचा असतो. त्याच्या निम्मी उष्णता गव्हाच्या दाण्याएवढ्या पिनेत कोंडली, तर भोवतीचे प्लॅस्टिक तपकिरी पडते, पिनेचा ताण जातो, पकड ढिली होते, रोध आणखी वाढतो आणि उष्णता त्याहून वाढते. हे चक्र महिनोन्‌महिने चालू असते आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

मेकॅनिकने फॉग लॅम्पसाठी वेगळा रिले (थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) आणि वेगळा फ्यूज वापरून बॅटरीकडून थेट वायर आणली असेल, तर वरचा हिशेब आपल्याला लागू नाही. परंतु बहुसंख्य ठिकाणी किल्लीच्या स्विचमधून बाहेर पडणारी वायर सोलून, तिच्यावर दुसरी वायर पिळून, वर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली असते. पाचगणीच्या पावसात अशा पट्टीचा दोन महिन्यांत डिंक होतो, आणि तिच्याखाली तांब्यावर हिरवा कळंक चढतो. टाकी काढून तो जोड आपण एकदा डोळ्यांनी पाहावा, असे मी आग्रहाने सुचवतो.

किल्ली फिरवल्यावर सगळे सुरू होते, म्हणून दोष किल्लीच्या स्विचमध्येच आहे, असा निष्कर्ष मोहक आहे, पण पुरता खात्रीचा नाही. किल्ली बंद करताच सामाईक वायरीतला प्रवाह थांबतो, तापलेला जोड निवतो आणि आकसतो, आणि तेवढ्याने दुसरीकडचा, समजा फ्यूज पेटीतला, संपर्क पुन्हा जुळू शकतो. शिवाय किल्ली फिरवताना हँडलला आणि त्याखालच्या वायरींना धक्का बसतोच. म्हणून पुढच्या वेळी असे घडले, की गाडी सुरक्षित जागी उभी केल्यावर लगेच किल्लीला हात लावू नका. आधी हॉर्न दाबून पाहा आणि न्यूट्रलचा दिवा अंधुक तरी आहे का ते पाहा. मग किल्ली चालू स्थितीतच ठेवून हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. त्यानंतर साइड कव्हर काढून फ्यूज पेटी बोटाने हलवा, मग बॅटरीची टोके हलवा, आणि किल्लीला धक्का सगळ्यांत शेवटी द्या. ज्या हालचालीने दिवे लागतील ती जागा जवळपास सापडलीच म्हणून समजा. रस्त्यावरचा हा एक मिनिट गॅरेजमधल्या दिवसभराच्या शोधापेक्षा उपयोगी असतो, कारण दोष त्या वेळी हजर असतो; गॅरेजमध्ये गाडी नेली की ती निमूट चालते आणि मेकॅनिकला अंदाजच करावा लागतो.

आता घरच्या तपासणीकडे वळू. गाडी मोकळ्या अंगणात, मधल्या स्टँडवर घ्या. आधी मल्टीमीटर बाजूला ठेवून हात आणि डोळे वापरा. किल्ली बंद करून बॅटरीच्या दोन्ही टोकांवरची वायर बोटाने पिळून पाहा. ती तसूभरही फिरता कामा नये. नवी बॅटरी बसवताना जुन्या बॅटरीचा लांब स्क्रू वापरला असेल, तर तो तळाला टेकतो, हाताला घट्ट लागतो आणि वायरीची रिंग मात्र त्याखाली सैलच राहते. हा प्रकार वरवर विनोदी वाटला तरी विरळा नाही. टोकावर पांढरी-निळसर पूड दिसली, तर खायच्या सोड्याच्या पाण्याने ती धुऊन काढा, कोरडी करा, घासून चकचकीत करा आणि टोके आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा. टोके सोडवताना आधी ऋण आणि मग धन, जोडताना आधी धन आणि मग ऋण, हा क्रम मोडू नका. धन टोकाचा पाना चासीला टेकला तर पेट्रोलच्या टाकीजवळ ठिणगी पडते. ऋण वायरीचे दुसरे टोक इंजिनला किंवा चासीला जिथे आवळलेले असते, तो बोल्टही काढून त्याखालचा गंज आणि रंग खरवडा.

यानंतर मुख्य फ्यूज उपसा. तो वरून शाबूत दिसला तरी त्याच्या दोन्ही पायांचा रंग पाहा. पाय चकचकीत असावेत. एक पाय काळपट किंवा निळसर झाला असेल, अथवा त्याच बाजूचे प्लॅस्टिक वितळून किंचित वाकले असेल, तर त्या बाजूची पेटीतली खाच ढिली झालेली आहे आणि आपला शोध बहुधा तिथेच संपला. फ्यूज परत बसवताना तो जोर लावून आत जायला हवा. अलगद सरकला, तर खाचेची पकड गेली. मीटर ओहमवर ठेवून फ्यूजच्या दोन्ही पायांना टोके लावल्यास शून्याच्या आसपासचा आकडा आला पाहिजे, कारण कधीकधी आतल्या पट्टीला डोळ्यांना न दिसणारी चीर असते.

एवढे करून काही सापडले नाही, तर मल्टीमीटर घ्या. पण तो कसा वापरायचा, हे त्याआधी समजून घेणे आवश्यक आहे. बिघडलेल्या जोडात दहा तारांपैकी एकच तार शिल्लक असली, तरी पुढे काही जळत नसताना मीटर तिथे पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटरला स्वतःला लागणारा प्रवाह अगदी नगण्य असतो. एलईडीचा टेस्टर लावून ‘करंट येतोय’ असे सांगणारा मेकॅनिक खोटे बोलत नसतो, पण त्याचे ते वाक्य आपल्या कामाचे नसते. जोडाची परीक्षा भार टाकल्यावरच होते. म्हणून हेडलाइट लावून, ब्रेक दाबून आणि फॉग लॅम्प चालू ठेवूनच मोजायचे. भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनबरोबर आपोआप लागतो, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद असताना तो लागत नाही. आपल्या गाडीत तसे असेल, तर इंजिन चालू ठेवून मोजावे लागेल. ते काम बंद गॅरेजात करू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड घातक असतो.

मीटर डीसी व्होल्टवर, २० च्या पट्ट्यात ठेवा. लाल टोक बॅटरीच्या धन टोकावर धरा, आणि काळे टोक किल्लीच्या स्विचमधून बाहेर पडणाऱ्या वायरीच्या कपलरमध्ये मागच्या बाजूने बारीक टाचणी सरकवून तिला लावा. वायरीचे आवरण टोचू नका. त्या भोकातून पुढे पाणी शिरते. मीटर आता जो आकडा दाखवील, तो बॅटरीपासून स्विचपर्यंतच्या वाटेत वाया जाणारा दाब आहे. हा आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत असेल, तर ती वाट निरोगी मानायला हरकत नाही. एक व्होल्टच्या वर गेला, तर दोष त्याच वाटेत आहे, आणि मग काळे टोक एकेक टप्पा मागे आणत जायचे : स्विचच्या आत जाणारी वायर, फ्यूजचा पुढचा पाय, फ्यूजचा मागचा पाय. ज्या दोन टप्प्यांच्या मध्ये आकडा एकदम घसरतो, त्या दोहोंमधला जोड गुन्हेगार. ऋण बाजूही अशीच पाहायची. एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरे इंजिनच्या कोऱ्या धातूवर, आणि तिथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंग खराब आहे.

आकडे चांगले आले, तरी काम संपले असे समजू नका, कारण आपला दोष अधूनमधून येणारा आहे. मीटर तसाच जोडलेला ठेवून कोणाला तरी हँडल दोन्ही टोकांना सावकाश फिरवायला सांगा, मानेजवळचा जुडगा हाताने वाकवा, किल्ली चालू स्थितीत ठेवून डावी-उजवीकडे हलकी दाबा, स्विचच्या खालचा कपलर हलवा. आकडा कुठे उडी मारतो एवढेच पाहायचे. आपल्या किल्लीला घराच्या, ऑफिसच्या आणि कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा लटकत असेल, तर तो आजच काढून टाका. त्याचे वजन दर खड्ड्याला स्विचला हिसका देते आणि आतले संपर्क झिजवते.

इतक्यानेही हाती काही लागले नाही, तर एक जुनी युक्ती करता येते. विजेच्या सामानाच्या दुकानात १२ व्होल्टचे छोटे एलईडी पॅनेल दिवे मिळतात. असे तीन दिवे हँडलवर दिसतील असे बांधा आणि एक बॅटरीच्या धन टोकाशी, दुसरा मुख्य फ्यूजच्या पुढे, तिसरा किल्लीच्या स्विचच्या पुढे जोडा. प्रत्येकाच्या वायरीत १ अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज घाला आणि तिन्हींची ऋण वायर थेट बॅटरीवर आणा. दिवसा गाडी चालवा. पुढच्या खेपेला सगळे बंद पडले, की कोणता दिवा विझला एवढे पाहायचे. पहिले दोन चालू आणि तिसरा बंद, तर स्विच किंवा त्याचा कपलर. पहिला चालू आणि पुढचे दोन बंद, तर फ्यूज पेटी. तिन्ही बंद, तर बॅटरीची टोके. आणि तिन्ही पेटलेले असूनही गाडी मेलेली असेल, तर इंजिनचा किंवा चासीचा अर्थ सुटलेला आहे. पहिले दोन दिवे किल्लीवर अवलंबून नसल्यामुळे रात्रभर जळत राहतील, म्हणून घरी आल्यावर त्यांचे फ्यूज काढून ठेवा.

दोष सापडल्यावर दुरुस्ती बहुधा लहान असते. भाजलेला कपलर नुसता घासून परत लावू नका. पिनेचा ताण एकदा गेला की परत येत नाही. तेवढाच कपलर कापून, तितक्याच किंवा त्याहून जाड वायरीवर नवे टर्मिनल योग्य पकडीने दाबून बसवा आणि वर उष्णतेने आकसणारी नळी चढवा. गाडीच्या वायरीला केवळ डाग देऊन (सोल्डर करून) जोडणे मला पसंत नाही, कारण डाग संपतो तिथे वायर कडक होते आणि हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते. किल्लीचा स्विच दोषी ठरला, तर कॉन्टॅक्ट क्लीनरने काही महिने निभावता येते, पण सात वर्षे वापरलेला स्विच बदललेला बरा. फॉग लॅम्प ठेवायचे असतील, तर बॅटरीकडून स्वतंत्र फ्यूज आणि रिले घालूनच ठेवा, आणि वरचे मोजमाप झाल्यावर, दोषाचा शोध चालू आहे तोवर, ते आणि चार्जर दोन्ही पूर्णपणे सोडवून ठेवा. तेवढ्यानेच गाडी बंद पडायची थांबली, तर आनंद मानून तिथेच थांबू नका. भार कमी झाल्यामुळे दुबळा जोड तग धरून आहे इतकाच त्याचा अर्थ.

संपूर्ण वायरिंग केव्हा बदलावे, याचेही उत्तर देतो. मानेजवळचा जुडगा उघडल्यावर आवरणे कडक होऊन तडकलेली दिसली, एकापेक्षा अधिक वायरी वितळून एकमेकींना चिकटलेल्या असल्या, किंवा उंदरांनी ठिकठिकाणी कुरतडलेले असले, तर बदलण्यात शहाणपण आहे. एका कपलरसाठी मात्र ते करू नये. नव्या किटबरोबर जुना किल्लीचा स्विच तसाच राहतो, त्यामुळे दोष स्विचच्या आत असला तर एवढा खर्च करूनही आपण पसरणी घाटात पुन्हा अंधारातच उभे राहाल.

रेक्टिफायर बदलून झालाच आहे, तेव्हा त्याचीही नोंद करून टाका. इंजिन मिनिटाला सुमारे ४,००० फेऱ्यांवर धरून बॅटरीच्या टोकांवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले, तर चार्जिंग ठीक आहे. १३ च्या खाली राहिले तर कॉइल प्लेट किंवा तिचा कपलर पाहावा लागेल, आणि १५ च्या वर गेले तर नवा रेक्टिफायरच सदोष आहे; तो बॅटरीचे पाणी उकळवील आणि बल्ब उडवील. चार्जिंग मोजताना बॅटरीची वायर इंजिन चालू असताना कधीही काढून पाहू नका. जुन्या काळी काही मेकॅनिक तसे करत, पण त्या क्षणी व्होल्टेज उसळून इग्निशनचे युनिट जाऊ शकते.

रस्त्यावर काय करावे, हे थोडक्यात. अंधारात सगळे गेले, तर क्लच दाबा, ब्रेक नेहमीसारखे पण एकसारख्या दाबाने लावा, आणि आठवणीतल्या रस्त्याच्या डाव्या कडेला या. ब्रेक विजेवर चालत नाहीत; गाडीला एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) असेल तर ते काम करणार नाही, साधा ब्रेक मात्र लागेल, म्हणून चाक अडकेल इतका जोर टाळा. धावत्या गाडीची किल्ली फिरवून पाहण्याचा मोह आवरा. वळणावर उभे राहू नका. गाडी ढकलून सरळ रस्त्यावर न्या आणि मोबाइलची टॉर्च मागून येणाऱ्या वाहनांना दिसेल अशी धरा. सीटखाली आपल्या गाडीच्या मापाचे दोन फ्यूज, १०-१२ नंबरचे पाने आणि एक टॉर्च ठेवा. फ्यूज उडाला म्हणून सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद किंवा तांब्याची तार लावून कोणी घरी पोचवून देत असेल, तर त्याला नम्रपणे नकार द्या. त्यानंतर फ्यूजऐवजी वायरिंग जळते, आणि ते टाकीच्या खाली असते.

कार्बोरेटरऐवजी फ्यूएल इंजेक्शन असलेल्या गाड्या वापरणाऱ्या वाचकांसाठी एक पुरवणी. इंजिन बंद पडले पण दिवे आणि हॉर्न चालू राहिले, तर वरची बरीचशी चर्चा आपल्याला लागू नाही. तिथे किल स्विच (इंजिन बंद करण्याचे हँडलवरचे बटण), साइड स्टँडचा स्विच, गाडी आडवी झाल्यास इंजिन थांबवणारा सेन्सर आणि पेट्रोल पंपाचा फ्यूज या क्रमाने पाहावे. बॅटरी पार उतरलेली असेल, तर अशी गाडी उतारावर ढकलूनही सहसा सुरू होत नाही, कारण पंपाला आणि कंट्रोल युनिटला सुरुवातीलाच वीज लागते.

आपण मोजमाप केल्यावर तीन गोष्टी मला जरूर कळवा : भार टाकून बॅटरी ते स्विच या वाटेत किती व्होल्ट खर्च झाले, मुख्य फ्यूजचे पाय कोणत्या रंगाचे होते, आणि फॉग लॅम्पची वायर नेमकी कुठून घेतलेली आहे. हेच तीन तपशील कागदावर लिहून मेकॅनिकच्या हाती दिले, तर त्यालाही नवा सुटा भाग मागवण्याआधी टाकी उचलून पाहावीशी वाटेल.